नखावरच्या तारखा

प्रिय वहिनी,

तुझी वही या पत्रासोबत परत पाठवतेय. आठवड्यात देते म्हणून नेली आणि तीन आठवडे ठेवून घेतली, त्याबद्दल आधी कान पकडते. वहीला नवीन कव्हर घातलंय, कोपरे दुमडलेले नाहीत, आतल्या पानांवर चहाचा एकही थेंब नाही. माझ्याकडे गेलेली वस्तू अशी धडधाकट परत यावी हे आपल्या घरात पहिल्यांदाच घडत असेल, तेव्हा दादाला मुद्दाम दाखव. फोनवर बोलता आलं असतं, मला माहीत आहे. पण फोनवर मी पहिली दोन मिनिटं विनोदात घालवते, तिसऱ्या मिनिटाला तुझं दूध उतू जातं आणि बोलायचं ते राहून जातं. कागदावरून असं निसटता येत नाही. म्हणून आज कामावर सुट्टी टाकली आणि सकाळीच लिहायला बसले. टेबलावर तुझी वही आहे, हा कागद आहे आणि तिसरा कपभर चहा आहे, जो मी वहीपासून हातभर लांब ठेवलाय.

मनोऱ्याचं घड्याळ अजून वेळेवर चालतंय ना? गेल्या रविवारी बाबांना फोन केला तर म्हणाले, आठवड्याला अर्धं मिनिट मागे पडतं, लंबकाचा पेच पाव फेरा वर घेतला की बसेल ठिकाणावर. मग म्हणाले, लोकांची मात्र पंचाईत झालीय. खरंच झाली असेल. अकरा वर्षं ते घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर अडकलं होतं आणि आपल्या चौकात कुणाला टाळायचं असलं की लोक म्हणायचे, भेटू की मनोऱ्याच्या चार-वीसला. आता दिवसातून दोनदा खरंच चार-वीस वाजतात म्हटल्यावर टाळणाऱ्यांनी काय करायचं?

हे काम बाबांनी अंगावर घेतलं तेव्हा मी सगळ्यांत जास्त विरोध केला होता, आठवतं? शहात्तराव्या वर्षी एकशे चार पायऱ्या चढायच्या, वर कबुतरांची घाण, आणि त्यात सायकलच्या चाकाएवढी दातेरी चाकं एकेक करून सोडवायची. नगरपालिकेचे इंजिनिअर घरी आले, बाबांच्या छोट्याशा दुकानातली मनगटी घड्याळं बघून जरा संकोचले आणि म्हणाले, एवढं मोठं यंत्र जमेल ना तुम्हाला? बाबा म्हणाले, लहान जमतं त्याला मोठं सोपं, दिसतं तरी नीट. दादाने आणि मी एकमेकांकडे बघितलं. तू मात्र उठून गेलीस आणि बाबांच्या चपला मोच्याकडे टाकून आलीस, जाड तळ लावायला. मला तेव्हा राग आला होता. वाटलं, सुनेला काय जातंय, म्हाताऱ्याला मनोऱ्यावर चढवायला. आता कळतं, आम्ही दोघं त्यांचं वय बघत होतो आणि तू त्यांचं तोंड बघत होतीस.

साडेतीन महिने ते यंत्र सुटं करत होते. प्रत्येक भाग काढायच्या आधी दोन-तीन फोटो, काढताना दोन-तीन, काढल्यावर त्या जागेचा एक. भाग केवढा आहे ते कळावं म्हणून शेजारी डाव्या हाताचा अंगठा. पट्टी ठेवा की, असं मी म्हटलं होतं. त्यावर म्हणाले, पट्टी विसरता येते, अंगठा घरी राहत नाही. कॅमेरा तो जुनाच, ज्याची तारीख-वेळ राखणारी आतली बॅटरी कधीच मेलेली. चालू केला की त्याच्या लेखी रोज एक जानेवारी आणि रात्रीचे बारा. अख्ख्या गावाची घड्याळं लावून देणारा माणूस स्वतःच्या कॅमेऱ्याची वेळ लावत नाही म्हणून मी किती चिडवलं त्यांना. त्यांचं उत्तर ठरलेलं: ते घड्याळ नाही, कॅमेरा आहे, त्याने फोटो काढावेत.

आणि ते फोटो ठेवायला मी हार्ड डिस्क आणून दिली होती. हे सगळं तुला माहीतच आहे, पण लिहिते, कारण पुढचं त्यावर उभं आहे. एकाच दुकानातून दोन घेतल्या, एकसारख्या, काळ्या, पत्त्यांच्या कॅटएवढ्या. एक बाबांना, एक मला. दोन्ही बाबांना दिल्या असत्या तर एकीवर नक्कल राहिली असती. फिल्म कापण्या-जोडण्यावर पोट भरणाऱ्या बाईला एवढं सुचायला हवं होतं, पण मला स्वतःलाही नवी हवी होती. कॉम्प्युटरला जोडल्यावर दिसावं म्हणून एकीला ‘बाबा’ नाव दिलं आणि दुसरीला ‘चिमी’. बाबा हसले होते. म्हणाले, ही कंपासपेटीवर नाव कोरायची, पाण्याच्या बाटलीवर कोरायची, एकदा तर शेजारच्यांच्या मांजराच्या पट्ट्यावरही लिहून आली होती, अजून सवय गेली नाही. रोज संध्याकाळी तू हॉस्पिटलमधून आलीस की हातपाय धुऊन कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचीस, त्या दिवसाचे फोटो डिस्कवर उतरवायचीस आणि दुसऱ्या दिवसासाठी कार्ड पुसून परत कॅमेऱ्यात घालायचीस. साडेतीन महिन्यांत एकही दिवस चुकला नाही. बाबा शेजारी बसून कुठला दांडा कशावर बसतो ते सांगायचे आणि तू ऐकायचीस. मला वाटायचं, बिचारी ऐकून घेते.

मग सगळे भाग गंज काढायला मोठ्या टाकीत रॉकेलमध्ये गेले. चारशे सतरा भाग. त्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या त्यात सुटून गेल्या, आणि बाबांनी त्या सुटू दिल्या, कारण फोटो होते. त्याच सुमाराला मी चार दिवस घरी येऊन गेले. मी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, तू डिस्क जोडलीस आणि ती कोरी निघाली. फॉरमॅट झालेली. मनोऱ्याच्या तळातल्या खोलीत लांबच लांब टेबलांवर चकचकीत चाकं मांडलेली, त्यांत डझनभर तरी अगदी जुळी दिसणारी, आणि कुठलं कशाच्या आधी हे सांगणारं काही नाही. दादाचा मला फोन आला तेव्हा मागे बाबांचा आवाज येत होता, ते एवढंच म्हणत होते की माझ्या हातांना थोडं आठवेल, पण चारशे सतरा नाही आठवणार. इंजिनिअरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की यंत्र पुन्हा उभं राहिलं नाही तर भंगारात जाईल आणि मनोऱ्यावर बॅटरीचं घड्याळ लागेल. बाबांचं आयुष्यातलं शेवटचं मोठं काम, आणि तेच भंगारात.

दादाने तुझं नाव घेतलं. ‘हिनेच केलं असणार. रोज कार्ड पुसते ना, त्या दिवशी कार्डाऐवजी डिस्क पुसली.’ तू तिथेच होतीस, मला ऐकू आलं. तू म्हणालीस, ‘असेल. झालं असेल माझ्याकडून.’ ना रडलीस, ना दादावर उलटलीस. मग दादाने घरातली कॉम्प्युटरतज्ज्ञ म्हणून मला विचारलं, काही उपाय आहे का? आणि मी काय म्हटलं ते तुला माहीत आहे, फोन स्पीकरवर होता. मी म्हटलं, फॉरमॅट झालं म्हणजे गेलं, आता त्याच्या मागे लागू नका. वर आणखी म्हटलं, जाऊ दे दादा, वहिनीला बोलू नकोस, चुका होतात माणसाकडून. ते वाक्य मी नंतर मनात शंभर वेळा ऐकलंय.

तू ते मानलं नाहीस. बाकी सगळे मोठमोठ्याने बोलत असताना तू उठलीस, डिस्क काढलीस, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलीस आणि किल्ली कमरेला लावलीस. दादा नेटवरून कसलंसं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून त्याच डिस्कवर चालवायला निघाला होता, त्याला हातसुद्धा लावू दिला नाहीस. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटर बघणाऱ्या गृहस्थांना गाठलंस. ते म्हणाले, त्या डिस्कवर आता एक अक्षरही लिहू नका, आधी तिची जशीच्या तशी नक्कल करा, मग जे काय करायचं ते नकलेवर. तू मला नंतर समजावून सांगितलंस तेव्हा मी, इतकी वर्षं या धंद्यातली, तोंडाचा आ वासून ऐकत होते. तू म्हणालीस, ‘अगं, वॉर्डातल्या खाटांवरचे नावाचे कागद कुणीतरी काढून नेलेत, पेशंट आहेत तिथेच झोपलेत. नवीन पेशंट त्या खाटेवर टाकला तरच जुना जाणार.’ इतकं सोपं मला कुणी शिकवलं नव्हतं. नक्कल व्हायला चौदा तास लागले, शोधायला आणखी दोन दिवस, आणि खाटांवरून दोन हजार सहाशे चौदा पेशंट उठले. पण एकाचंही नाव कुणाला माहीत नाही. सगळे नुसते आकडे, आणि तेही कसेही उलटसुलट.

एवढ्यावर बहुतेक माणसांनी हात टेकले असते. दादाने टेकलेच. दोन हजारांवर फोटो, सगळ्यांत एक गंजलेलं चाक आणि एक अंगठा, आणि प्रत्येकावर आतून तारीख एकच, एक जानेवारी, रात्रीचे बारा. फोटोंवरच्या तारखांचा आधार घेऊन ओळ लावायची, हा साधा मार्ग बाबांच्या त्या कॅमेऱ्याने बंद करून ठेवला होता. बाबांनी पहिल्या दिवशी ऐंशी फोटो बघितले आणि चष्मा काढून ठेवला. त्यांना चाक ओळखू यायचं, पण ते आधीचं की नंतरचं ते सांगता येत नव्हतं. म्हणाले, सुटं करताना मी पुढचा विचार करत होतो, मागचा कॅमेऱ्यावर सोडला होता.

यानंतर तू जे केलंस ते मी इथे प्रत्येकाला सांगितलंय, ऑफिसात, शेजारी, बसमध्ये शेजारच्या सीटवर बसलेल्या एका अनोळखी बाईलासुद्धा. तू वीस वर्षं एक्स-रे विभागात हाडं बघतेस. फोटो समोर आला की लोक त्यातली मोठी वस्तू बघतात, तू कडेचं बघतेस. तू चाकं बघायची सोडून दिलीस आणि अंगठा बघायला लागलीस. तिसऱ्या दिवशी गंजलेला बोल्ट काढताना बाबांनी डाव्या अंगठ्यावर हातोडी मारून घेतली होती. तूच बर्फ लावलास, पट्टी बांधलीस आणि ओरडलीस. म्हणजे ज्या फोटोंत अंगठा स्वच्छ ते पहिल्या दोन दिवसांतले. ज्यांत पट्टी ते पुढच्या आठ दिवसांतले. आणि पट्टी सुटल्यावर नखाच्या मुळाशी रक्त साकळून झालेला काळा डाग, जो नख वाढेल तसा पुढे सरकत जाणार. महिन्याला तीन मिलिमीटर. तू स्क्रीनवर पट्टी लावून, खरा अंगठा किती रुंद त्याचं प्रमाण धरून, एकेका फोटोत तो डाग मुळापासून किती लांब आहे ते मोजलंस. मुळाशी तो पहिला महिना, नखाच्या मध्यावर तो दुसरा, टोकाशी तो शेवटचा. दोन हजारांवर फोटोंची ओळ तू बाबांच्या नखावर लावलीस.

एका दिवसाच्या आतली ओळ नखावरून कळत नाही, तर त्यासाठी मनोऱ्याच्या खिडकीचे गज पकडलेस. सकाळी त्यांची सावली डावीकडे, दुपारी यंत्राच्या पायाशी, चारनंतर नाहीच. तेही जमेना तिथे थर्मासच्या झाकणातला चहा, किती उरलाय ते बघून. बाबा तो तीन घोटांत संपवतात हे दादाला माहीत होतं का? मला नव्हतं. आम्ही दोघं त्यांची पोटची पोरं, आमच्यासमोर तो ढीग टाकला असता तर आम्ही एक फोटोही जागेवर लावू शकलो नसतो. तू लावू शकलीस, कारण तू साडेतीन महिने रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून ते काय सांगतात ते खरोखर ऐकलं होतंस. हे लिहिताना मला लाज वाटते आणि तुझा अभिमानही वाटतो, दोन्ही एकदम, आणि कुठलं जास्त ते मला ठरवता येत नाही.

ते दिवस घरात कसे होते ते दादानेच नंतर सांगितलं. तो पंधरा दिवस तुझ्याशी मीठ दे आणि दार लाव यापलीकडे बोलला नाही. तू ड्यूटी करून यायचीस, स्वयंपाक करायचीस आणि कॉम्प्युटरसमोर बसायचीस. बाबांना तू नख कापायची बंदी केली होतीस, कारण टोकाशी उरलेला डाग म्हणजे शेवटच्या दिवसाची खूण. ते महिनाभर तो अंगठा सरकारी पुराव्यासारखा जपत फिरत होते, भाजीवालीने विचारलं तरी सांगायचे, सूनबाईंची परवानगी नाही. आणि एके दिवशी त्यांनी डोळ्याला लावायचं आपलं भिंग काढून तुझ्यासमोर ठेवलं आणि दुकानात निघून गेले. वहिनी, त्या भिंगाला हात लावला म्हणून आठव्या वर्षी मी आयुष्यातली एकुलती एक थप्पड खाल्लीय. दादाने दोन खाल्ल्यात. ते भिंग त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिलं नव्हतं. मला हे कळलं तेव्हा हेवा वाटला, अगदी लहानपणचा, पाय आपटून रडावंसं वाटणारा. पण ते योग्य हातात गेलं हेही तेव्हाच पटलं.

तुझ्याबद्दल मी पूर्वी काय बोलायचे ते तुझ्या कानावर आलंच असेल. ही बोलत नाही, ही थंड आहे, हिच्या मनात काय आहे कळत नाही. लग्नानंतर तू मला म्हणाली होतीस, वहिनी म्हण पण अगं-तुगं कर, आणि मी अगं-तुगं लगेच केलं, जवळीक मात्र केली नाही. तुझा नीटनेटकेपणा मला खुपायचा. एकदा बँकेचा फॉर्म भरताना मी चुकलेलं अक्षर पांढरी शाई लावून झाकलं, तर तू केवढी रागावलीस. म्हणालीस, आमच्याकडे हॉस्पिटलात चूक खोडायची नसते, एक सरळ रेघ मारायची, शेजारी सही करायची, आधी काय लिहिलं होतं ते पुढच्याला वाचता आलं पाहिजे. मी तोंड वाकडं केलं होतं. ही तुझी वही बघितल्यावर तो नियम काय चीज आहे ते कळलं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काय केलं, किती वाजता, काय फसलं, सगळं. एकशे सत्तावीस पानं. चुकलेल्या मापावर एक रेघ आणि शेजारी तुझी छोटीशी सही. अडतीस फोटो अर्धे करडे होऊन आले, त्यांचीही यादी, त्यांत काय असायला हवं होतं त्याच्या अंदाजासकट. बाबांनी सात आठवड्यांत ते यंत्र उभं केलं ते या वहीवरून आणि तुझ्या ओळीवरून, आणि चारशे सतरापैकी एकही भाग टेबलावर उरला नाही.

घड्याळ सुरू झालं त्या सकाळी मी तुझ्या शेजारीच उभी होते. पहिला टोला पडला तेव्हा अख्खा चौक वर बघत होता, आणि बाबा वर न बघता हातातल्या घड्याळाकडे बघत होते. इंजिनिअर चार शब्द बोलले. बाबांना बोला म्हटलं तर त्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं आणि ते खाली बसले. सगळ्यांनी माना वळवल्या. आणि तेव्हा दादा, लाजून असेल, आनंदाने असेल, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘हरवलं हिनेच आणि शोधलंही हिनेच, फिट्टंफाट!’ सगळे हसले. तू पण हसलीस. जेवायला बसलो तेव्हा तो परत म्हणाला, पाहुणे आले तेव्हा परत म्हणाला, आणि माझ्या लक्षात आलं की हा विनोद आता घरात कायमचा मुक्कामाला आलाय. आपण सगळे म्हातारे झालो तरी तो कुणीतरी करेल आणि तू प्रत्येक वेळी हसशील. त्या दिवशी मी तुझ्याकडे वही मागितली. बाबांच्या घड्याळावर छोटीशी फिल्म करायची आहे असं कारण दिलं. ते खरं होतं, अर्धं.

आता उरलेलं अर्धं. वहीच्या पहिल्याच पानावर, मंगळवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, ‘डिस्क जोडली. आत काही नाही. डिस्कचं नाव:’ आणि त्यापुढे त्याच वहीच्या कागदाची बोटभर पट्टी, रेघांना रेघा जुळवून इतकी सफाईने चिकटवलेली की मला दोन आठवडे दिसली नाही. वर लिहिलंय, ‘पाहिलं नाही’. एकशे सत्तावीस पानांत झाकलेली ही एकच जागा. मी ते पान खिडकीशी उजेडावर धरलं, जसा तू एक्स-रे धरतेस, आणि खालचं अक्षर वाचलं. चिमी. वहिनी, ती डिस्क मी फॉरमॅट केली. निघायच्या सकाळी गडबडीत टेबलावरची काळी डिस्क माझीच समजले, जोडल्यावर दिसणारं नावसुद्धा वाचलं नाही. माझी जुन्या कचऱ्याने भरली होती, म्हटलं कोरी करून टाकू. सवयीने नावही दिलं. तेवढ्यात खाली गाडी आली, डिस्क टेबलावरच राहिली, आणि घरी पोचल्यावर माझी डिस्क बॅगेच्या कप्प्यात जशीच्या तशी सापडली. तेव्हाच कळलं होतं मला. दादाचा फोन येईपर्यंत दोन दिवस होते आणि मी तोंड उघडलं नाही. फोन आला तेव्हा घाबरून ‘फॉरमॅट झालं म्हणजे गेलं’ म्हणाले, बाबांचं काम बुडालं तरी चालेल पण कुणी ती डिस्क उघडून बघू नये म्हणून, आणि वर मोठ्या मनाने तुला माफही केलं. सोहळ्याच्या दिवशी तिचं नाव ‘बाबा’ दिसलं तेव्हा वाटलं, घाईत मी नाव दिलंच नसेल, वाचले. तू पहिल्या मिनिटाला सगळं बघितलं होतंस. कुणाला हाक मारायच्या आधी नाव बदललंस. त्या डिस्कवर त्यानंतर कुणी एक अक्षर लिहिलं नाही, तू लिहिलंस ते एवढंच, माझ्यासाठी, आणि मग ‘असेल माझ्याकडून’ म्हणालीस. मी ती पट्टी वाफेवर धरून काढली आहे. खालचं नाव खरं आहे, म्हणून त्यावर रेघ मारली नाही. शेजारी माझी सही केली आहे, तुझ्या नियमाप्रमाणे. आता एक कर. हे पत्र एकटीने वाचून कपाटात ठेवू नकोस, तुझा तोच विचार असेल, मी ओळखते तुला. आज सगळे जेवायला बसले की मोठ्याने वाच, दादा समोर असताना. तुझ्याच्याने होणार नसेल तर बाबांच्या हातात दे. माझं अक्षर बारीक आहे आणि भिंग आता तुझ्याकडे असतं, तेवढं मात्र त्यांना काढून दे.

जिने तुझ्या पाठीमागे तोंड लपवलं आणि जी आता सगळ्यांसमोर उभी आहे ती, तुझीच,
चिमी